आज ते पूजेत आहे

१

आमच्या घरात सकाळ दोन आवाजांनी व्हायची. आधी बाबांचं खाकरणं, एकदाच, कोरडं. मग त्यांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरची बीप, तीही एकदाच. दोन्हींच्या मध्ये चहा गाळून होईल इतका वेळ. सहा वर्षांत मला गजर लावावा लागला नाही.

बाबा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. चंदिगडला सेक्टर एकोणचाळीसच्या सरकारी संशोधन संस्थेतून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि मुलांसाठी मराठीत बुरशीवर पुस्तक लिहायला बसले. एका बोटाने टाइप करायचे. सहा वर्षांत एकसष्ट पानं झाली होती. कॉपी काढून ठेवा म्हटलं की म्हणायचे, "मी एका घरात राहतो ना? मग पुस्तकाला दोन घरं कशाला?" या माणसाशी मी वाद घालायचे. चहातल्या साखरेवरून, गीझरवरून, माझ्या आयटी पार्कमधल्या नोकरीवरून, 'सत्ताविसावं लागेल आता' या वाक्यावरून. आई होती तोवर ती मध्ये पडायची. पण आनंदीताईच्या बाळंतपणासाठी आई ऑगस्टपासून पुण्याला, आणि घरात आम्ही दोघंच.

दसऱ्याला बाबा कॉम्प्युटर पूजेत ठेवत. त्यांच्या वडिलांनी वजनकाटा ठेवला, ते नोकरीत असताना सूक्ष्मदर्शक ठेवायचे, आता हा. आदल्या दिवशी पुसायचा, सकाळी कॅबिनेटला कुंकवाचं बोट, झेंडूचं फूल, अक्षता आणि एक पान. आपट्याचं झाड चंदिगडमध्ये कुणी पाहिलेलं नाही, पण आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कचनार आहेत, आणि त्याचं पान तसंच, मधोमध दुमडलेलं. इथली सगळी मराठी घरं तेच सोनं म्हणून वाटतात.

यंदा दसरा दोन ऑक्टोबरला आला. गुरुवार. मला सुट्टी होती आणि मी ठरवलं होतं की आज हा कॉम्प्युटर नव्या विंडोजवर न्यायचा.

"आज नको," बाबा म्हणाले. "आज ते पूजेत आहे. उद्या कर."

"उद्या मला ऑफिस आहे."

"मग परवा."

"बाबा, चौदा तारखेनंतर याला सुरक्षेचे अपडेट बंद. कुंकवाने व्हायरस अडत नाही."

"मग विचारतेस कशाला?" असं म्हणून त्यांनी पानांची पिशवी उचलली आणि ते मराठी मंडळाच्या हॉलवर सोनं वाटायला गेले. आमच्याकडे वाद असेच संपायचे. कुणीतरी चप्पल घालायचं.

मी मेकअप पुसायच्या ओल्या कागदाने कुंकू पुसलं. पान आणि फूल बाजूला काढून खिडकीत ठेवलं. सांगून ठेवते, मला तेव्हा काहीही वाटलं नाही. वाटलं असेल तर आनंद, थोडासा.

२

कॉम्प्युटर सुरू होताना विंडोजच्या आधी जागा होणारा एक छोटा प्रोग्राम असतो, बोर्डावरच्या चिपमध्येच बसवलेला. आज तारीख काय, किती वाजले, जोडलेलं काय काय आहे आणि आधी हाक कुणाला मारायची, एवढंच त्याला ठाऊक असतं. लोक त्याला बायोस म्हणतात. नव्या विंडोजसाठी त्यात दोन बदल करायचे होते. जुनी पद्धत बंद, सुरक्षित पद्धत चालू. पण त्याआधी डिस्क नव्या पद्धतीत बदलून घ्यावी लागते, नाहीतर डिस्क असूनही त्याला ती दिसत नाही. हे मला माहीत होतं. मी लोकांना हे शिकवते. बाबा परत यायच्या आत संपवायचं होतं, म्हणून मी ती पायरी राहू दिली. नव्हे, ती मला आठवलीच नाही.

जतन केलं. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. बीप आली नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली, की सुरू करण्यासारखं काही सापडत नाही.

इथवर घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी दोन्ही बदल उलटे केले. तीच ओळ. मग सगळंच मूळ स्थितीवर आणलं, कारखान्यातून आला तेव्हा होता तसं. तीच ओळ. पंखा फिरत होता, दिवा लागत होता. एकसष्ट पानं आत कुठेतरी होती.

साडेबाराला दाराची बेल वाजली.

बाबांकडे किल्ली असते. या घरात त्यांनी कधी बेल वाजवलेली नाही. दार उघडलं तर ते पायपुसण्याच्या बाहेर उभे होते, दोन्ही हातांत एक पान धरून.

"सोनं घ्या," ते म्हणाले. "सोन्यासारखे राहा."

घ्या. राहा. मला. मी म्हटलं, ठीक आहे, राग आहे तर. टोमणा मारायची ही जुनी तऱ्हा होती त्यांची, चिडले की मला अहोजाहो करायचे. मी पान घेतलं आणि मुद्दामच वाकून नमस्कार केला. ते हसले, पण हसण्यात टोमणा नव्हता. आत येऊन ते दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, जिथे आम्ही कुरिअरवाल्याला बसवतो. जेवायला बोलवेपर्यंत तिथेच बसून राहिले.

कॉम्प्युटरबद्दल त्यांनी विचारलं नाही. मी म्हटलं, सुटले.

३

शुक्रवारी मला जाग आली ती ऑफिसच्या फोनने. नऊ वाजून गेले होते. खाकरणं नाही, बीप नाही, चहाचा वास नाही.

बाबा त्यांच्या खोलीत खिडकीपाशी उभे होते. इस्त्रीची पँट, बूट, तपकिरी स्वेटर, गळ्यात मफलर. ऑक्टोबरचं पिवळं ऊन त्यांच्या तोंडावर पडलं होतं. समोरच्या घराच्या गच्चीवर गाद्या वाळत होत्या, मैदानात काल जळलेल्या रावणाचे बांबू इथूनही दिसत होते.

"धुकं किती आहे," ते म्हणाले. "समोरचं घरसुद्धा दिसत नाही. आज संस्थेत पोचायला उशीर होणार."

मी विचारलं, बाबा, बरं वाटत नाही का? त्यांनी काचेवर हात ठेवला आणि गारठल्यासारखा लगेच मागे घेतला. कपाळावरून घाम ओघळत होता.

मी त्यांना बसवलं. पाणी दिलं. मनगट धरून पाहिलं, ताप नव्हता. आणि मग, मला काय वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही, मी वळून कॉम्प्युटर चालू केला. कदाचित त्यांच्याकडे बघायचं नव्हतं म्हणून. बायोसचा निळा पडदा आला. वरच्या कोपऱ्यात तारीख होती. एक जानेवारी २०१८, सोमवार.

मूळ स्थितीवर आणलं की काही बोर्डांची तारीखही मागे जाते. विशेष नाही. मी तीन ऑक्टोबर २०२५ टाकली, नऊ वाजून चाळीस मिनिटं टाकली, एंटर दाबलं.

मागे खुर्ची करकरली. बाबांनी मफलर सोडला होता. मग स्वेटर डोक्यावरून ओढून काढला, घडी केली, मांडीवर ठेवला.

"उकडतंय," ते म्हणाले.

४

मी मूर्ख नाही. माणसाला उकडलं की माणूस स्वेटर काढतो. मी स्वतःला हे शनिवारी दिवसभर सांगितलं, इस्पितळाच्या रांगेत, बाबांचा हात धरून. तोवर त्यांना सांगितल्याशिवाय ते काही करत नव्हते. बसा म्हटलं की बसायचे, जेवा म्हटलं की जेवायचे, आणि पुढचं कुणी सांगेपर्यंत समोर बघत राहायचे. डोळे उघडे, चेहरा नीट. जसं काही आत सगळं चालू आहे आणि कुणी यायचं बाकी आहे.

डॉक्टर मराठीच निघाले. कैवल्य नाव, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे असतील, साताऱ्याचे. बाबांशी फार मायेने बोलले. आज तारीख काय, विचारलं. बाबांनी बरोबर सांगितली. वार बरोबर. अंदाजे किती वाजले असतील, काका?

"अकरा वाजून सतरा मिनिटं," बाबा म्हणाले, "आणि चार सेकंद."

त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं. खोलीतही नव्हतं. डॉक्टरांनी हसून स्वतःच्या मोबाइलकडे बघितलं आणि हसू तसंच ठेवून कागदावर काहीतरी लिहिलं. स्कॅन स्वच्छ आला. पक्षाघात नाही, गाठ नाही, रक्तस्राव नाही. कधीकधी धक्क्याने, एकटेपणाने असं होतं, ते मला बाजूला घेऊन म्हणाले. घरात काही झालं का?

मी म्हटलं, नाही.

रविवारी मी ते केलं, ज्याबद्दल मला कुणी क्षमा करू नये. कारण मला खात्री करून घ्यायची होती. म्हणजे, काहीही संबंध नाही याची. बाबा बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसले होते, टीव्ही बंद होता. त्यांच्या खोलीत जाऊन मी दार ओढून घेतलं, कॉम्प्युटर चालू केला आणि वर्ष बदललं. २००९. तेव्हा मी दहा वर्षांची होते.

एंटर दाबून मी थांबले. दाराच्या फटीतून ऊन आत येत होतं.

"नेतू," बाहेरून आवाज आला. "अगं नेतू, सायकल सावलीत लाव. टायर फुटेल उन्हाने."

पंधरा वर्षं मला कुणी नेतू म्हटलं नव्हतं. मी नेत्रा झाले होते, मग 'आमची नेत्रा, ऐकत नाही कुणाचं'. आणि तो आवाज. मी विसरले होते की त्यांचा आवाज असा होता. माझ्याशी बोलताना ते कधीकाळी असे बोलायचे.

मी आकडा तसाच ठेवला. खोटं कशाला बोलू, तासभर ठेवला. जमिनीवर बसून दाराला कान लावला. ते सायकलबद्दल बोलत होते, बुरशीबद्दल, पावाच्या तुकड्यावर चार दिवसांत काय उगवतं ते आपण भिंगातून बघू म्हणत होते, आणि मध्येच थांबत होते, एखादं मूल उत्तर देत असल्यासारखे. मग हसत होते.

शेवटी मला राहवलं नाही. मी दार उघडून बाहेर गेले आणि म्हटलं, "बाबा, मी आहे."

ते अर्धवट उठले. शर्टाची बाही नीट केली. अनोळखी बाईसमोर करतात तशी.

"बसा ना," ते म्हणाले. "आमची मुलगी खाली सायकल लावायला गेलीय. येईल इतक्यात."

५

सोमवारी मी नरेशजींना बोलावलं. ऑफिसच्या जुन्या मशीन तेच दुरुस्त करतात, पन्नाशीचे, बोलणं कमी. तारीख मी पुन्हा बरोबर करून ठेवली होती. माझं आता एकच म्हणणं होतं. हे सुरू झालं पाहिजे. डिस्क सापडली पाहिजे. पुस्तक मला नकोच होतं.

नरेशजींनी कॅबिनेट आडवं करून बाजूचा पत्रा काढला. आत धूळ होती, आणि धुळीत लाल तांदूळ. सात दसऱ्यांचे, जाळीतून पडलेले. बहुतेक काळपट झाले होते. बोर्डाच्या मधोमध पाच-सहा दाणे होते, ते ओले होते. बोट लावलं तर कुंकू बोटाला लागलं.

"ये चावल किसने डाले जी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं पूजेचे आहेत. त्यांनी मान डोलावली आणि ब्रशने ते दाणे काढायच्या आधी स्वतःच्या कानाला हात लावला.

मग म्हणाले, याची सेल गेलेली दिसते, तारखा म्हणून मागे जातात. बोर्डावर एक गोल चपटी सेल असते, रुपयाच्या नाण्याएवढी. मी थांबा म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. तोवर त्यांनी नखाने ती उचलली होती.

बाहेरच्या खोलीत काहीही आवाज झाला नाही. तेच ऐकून मी धावले.

बाबा खुर्चीत होते. डोळे उघडे. हात मांडीवर, तळवे वर. एवढंच सांगते. मी त्यांना हलवलं आणि ते हलले, उशी हलते तसे. श्वास होता की नाही हे मला सांगता येणार नाही, मी नाकाशी बोट नेलं, पण त्याला वरच्या पंख्याचाच वारा लागत होता. भिंतीवरची पाल जागची हलली नाही. शेजारच्या घरात कुणी कणीक मळत असल्याचा परातीचा आवाज येत होता, आणि तो संपला तरी नरेशजी नवी सेल शोधतच होते, बॅगेत, पाकिटात, पुन्हा बॅगेत.

आत 'टिक' असा आवाज झाला. बाबांनी पापणी मिटून उघडली.

"मैडम," नरेशजी दारात आले, हातात पेचकस. बाबांकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "डिस्क ठीक है. मैंने अलग से लगाके देखी, सब है उसमें. पर ये बोर्ड ज़िंदा तो है जी, पहचान किसी को नहीं रहा."

बोर्ड बदलून पाहू का, त्यांनी विचारलं. मी इतक्या जोरात नको म्हटलं की ते एक पाऊल मागे सरले.

६

ते गेल्यावर आईचा फोन आला. रोज दुपारी येतो. बाळाचं बारसं, ताईचं दूध, ताईच्या सासूबाई. बाबा झोपलेत, मी म्हटलं. चार दिवस तेच सांगत होते. आई मला फोनवरूनही ओळखते, पण नेहमी चुकीच्या जागी.

"भांडलात का पुन्हा? ते काही बोलले असतील तर सोडून दे. आणि हो, दसऱ्याची पूजा हलवलीस ना गं? ते विसरतात."

हलवणं म्हणजे पूजा संपवणं. दुसऱ्या दिवशी अक्षता वाहून ती वस्तू बोटभर सरकवायची. मग ती पुन्हा वापरायला मोकळी. त्याआधी हात लावायचा नाही. मी लहानपणापासून हे पाहिलं होतं, आणि लहानपणापासून मला ते हास्यास्पद वाटत आलं होतं. सरकवल्याने काय होतं, मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, काही होत नाही, आपण विचारून उचलतो एवढंच.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. तांदूळ घेतले, कुंकू आणि पाण्याचा थेंब घातला. बाबांना हाताला धरून त्यांच्या खोलीत आणलं आणि पलंगावर बसवलं. कॅबिनेटवर अक्षता टाकल्या. काय म्हणायचं असतं ते मला येत नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं." दोन्ही हातांनी कॅबिनेट बोटभर उत्तरेला सरकवलं. खिडकीतलं गुरुवारचं कचनारचं पान अजून हिरवंगार होतं. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

कॉम्प्युटर चालू केला. निळ्या पडद्यावर, आधी हाक कुणाला मारायची त्याची यादी असते. चार दिवस ती रिकामी होती. आता तिथे एक ओळ होती. म्हणजे नाव नव्हतं, अक्षर नव्हतं, नुसती जागा. पण खालचा बाण दाबला की तिच्यावर पांढरी पट्टी येत होती. कुणीतरी होतं. फक्त कोण ते लिहिलेलं नव्हतं.

मी माझ्या कामात रोज लोकांना सांगते, जे ओळखत नाही ते सुरू करू नका.

पलंगावर बाबा बसले होते, तळवे वर करून, कुणी सांगायची वाट बघत. असं त्यांना किती वर्षं बसवून ठेवायचं होतं मी? आईला काय सांगायचं होतं? मी एंटर दाबलं.

बीप आली. एकच.

आणि माझ्या पाठीमागे बाबा खाकरले. एकदाच, कोरडं. मला रडू फुटलं. मी वळले तर ते उठून उभे राहत होते, छान, ताठ, गुडघ्याला हात न लावता.

७

आमच्या घरात सकाळ पुन्हा दोन आवाजांनी होते. फक्त क्रम उलटा झाला आहे. आधी बीप, मग खाकरणं. बीप होते तेव्हा बाबा अंथरुणात असतात. मी दोनदा दारात उभी राहून पाहिलं. बटण कुणी दाबत नाही.

मग ते चहा करतात, माझ्या कपात साखर बरोबर घालतात. टेबलाशी बसून लिहितात. पडदा काळाच असतो, त्यावर काही येत नाही, पण ते लिहितात, दहाही बोटांनी, न थांबता, पावसाच्या सरीसारखे. गीझर चालू राहिला तर काही बोलत नाहीत. मी परवा मुद्दाम रात्रभर राहू दिला. मी बूट घालून देवघरात गेले. मी सांगितलं की मला लग्न करायचंच नाही आणि नोकरीही सोडतेय. "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," ते म्हणाले आणि हसले. मी त्यांच्या अंगावर ओरडले. त्यांनी मला पाणी आणून दिलं.

आई फोनवर त्यांच्याशी अर्धा तास बोलली. नंतर मला म्हणाली, "किती शांत बोलतात गं आता. तू समजावलंस वाटतं." दिवाळीला ती येते आहे. तिला पाच दिवस आहेत अजून.

आज सकाळी मी त्यांच्या मागे चहा घेऊन उभी होते. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं होतं, माझ्या पाठीवर तापत होतं, कपातल्या चहावरही पडलं होतं. काळ्या पडद्यात खोलीचं प्रतिबिंब दिसत होतं. पलंग, कपाट, खिडकी. पडद्यातल्या खिडकीत ऊन नव्हतं. गजांपर्यंत पांढरं होतं, दाट, समोरचं घर दिसू नये इतकं. पडद्यातल्या खुर्चीमागे कुणी उभं नव्हतं. आणि खुर्चीतला माणूस टाइप करत नव्हता. त्याच्या अंगात तपकिरी स्वेटर होता. तो पडद्याच्या अगदी जवळ आला होता आणि धुरकटलेली काच पुसतात तशी स्वेटरच्या बाहीने आतून पुसत होता, घाईघाईने, एवढीशी गोल जागा. त्यातून त्याने बाहेर पाहिलं. ओठ हलले. दोनच शब्द असावेत.

मग ती जागा पुन्हा पांढरी झाली.

"चहा ठेवा ना इथे," बाबा म्हणाले, बोटं न थांबवता. "थंडीत बरा वाटतो."

वायर ओढता येईल. सेल काढता येईल, नखाने निघते, मी पाहिलं आहे. त्यानंतर काय होतं तेही मी पाहिलं आहे. नरेशजींना फोन करून मी फक्त एवढंच विचारलं, की ही नवी सेल किती दिवस चालेल.

टेन्शन मत लो मैडम, ते म्हणाले. पाच-सहा वर्षं सहज जाते.